दुसरी बीटा सोनाळ्याला

मुबीनाचा नियम साधा होता. लिनक्सचं नवं कर्नल, म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा, तयार होत असताना त्याच्या पहिल्या दोन बीटांना, म्हणजे कच्च्या चाचणी आवृत्त्यांना, हात लावायचा नाही. तिसरी आली की पॅकेज बांधायचं आणि चाळीस गावांतल्या शेती केंद्रांना सीडी धाडायच्या. आदल्या वर्षी घाई नडली होती, अकरा केंद्रं आडवी झाली होती. तेव्हापासून बुलढाण्यात बसून ती भल्याभल्यांना 'थांबा जरा' म्हणायची, आणि त्याचा तिला गर्वही होता.

पण सोमवारी सोनाळ्याचं केंद्र चालवणाऱ्या रंगरावचा फोन आला. बीटी पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, पांढरी कीड चढली होती, कोणी ओळखेना. गुरुवारी अख्खं गाव मिळेल ते औषध फवारणार होतं. फोटो कृषी विद्यापीठाला गेले तर कळलं असतं, पण केंद्राचा नवा मोडेम चालायचा फक्त नव्या कर्नलवर. दुसरी बीटा सकाळीच आलेली, तिसरीला आठवडा होता.

कामातला जोडीदार शकील म्हणाला, नियम म्हणजे नियम. मुबीना म्हणाली, नियम माझा आहे, वाकवायचा तर मीच वाकवीन. दुपारपर्यंत तिनं एकट्या सोनाळ्यासाठी पॅकेज बांधलं, नवं अडलं तर निवडता यावं म्हणून जुनं कर्नल शेजारी तसंच ठेवलं आणि सीडी एस.टी.च्या कंडक्टरकडे दिली.

मंगळवारी पुन्हा फोन. संगणक सुरूच होईना. मग जुनं निवडा की, ती निवांत म्हणाली. रंगराव म्हणाला,

"ते त म्या काढून टाकलं, ताई. बीटीच्या थैलीत कडेनं पेराले साध्या बियाण्याची पुडी येते, ते आमी वावराच्या धुऱ्यावर फेकून देतो. नवं आलं, मंग जुनं काऊन ठेवाव?"

मुबीनाचं डोकं सणकलं. पण चूक तिचीच होती. जुनं काढताच येऊ नये, अशी अट पॅकेजात घालायला तीच विसरली होती. अट घातली, नवी सीडी केली आणि बुधवारी पहिल्या एस.टी.नं स्वतःच सोनाळा गाठला.

प्रिंटरची वायर लावली की बीटा अडत होती. वायर काढली, काम झालं. फोटो गेले आणि चार वाजता उत्तर आलं: हा पिठ्या ढेकूण, सरसकट फवारू नका, लागलेली झाडं उपटून जाळा. रंगराव तसाच उठला आणि घरोघर सांगून आला.

मग तिला बसवर सोडताना म्हणाला, "पुढची कच्ची बीटा बी पयले आमालेच पाठवा. एकट्या सोनाळ्याचं बिघडलं म्हणून तुमी धावत आल्या. चाळीस गावाईचं बिघडलं असतं, त कोठकोठ गेल्या असत्या?"