तिसऱ्या चरणाशी अडलेला प्लेअर

मित्रांनो, मला कुणी दुकानात जाऊन विकत आणत नाही. नवा लॅपटॉप खोक्यातून बाहेर निघतो, तेव्हा मी आधीच त्याच्या पोटात बसलेला असतो. मी एक जुना मीडिया प्लेअर आहे. गाणी वाजवणे आणि चित्रफिती दाखवणे हे माझे काम. आणि माझे नशीब म्हणा की खोड म्हणा, मला काढून टाकता येत नाही.

मला घडवणाऱ्यांनी मला पुष्कळ बटणे दिली. बोलण्यासाठी मात्र एकच वाक्य दिले: ‘ही फाइल चालवता येत नाही.’ फाइल खराब असो, स्पीकरची वायर निघालेली असो, की माझेच काही बिनसलेले असो, माझ्या तोंडून तेवढेच निघते. समोरचा माणूस विचारतो, ‘अरे, पण का?’ मी पुन्हा तेच म्हणतो. या एका वाक्यापायी माझा जितका जीव मेटाकुटीला आला आहे, तितका मला शिव्या देणाऱ्यांचाही आला नसेल.

माझा लॅपटॉप तंजावरला हरिताच्या घरी आला. हरिता भरतनाट्यम शिकवते. संध्याकाळी तिच्या घराच्या कूडमात, म्हणजे मधल्या मोठ्या दालनात, मुली पायांत चाळ बांधून उभ्या राहतात. तिचा नवरा रघुराम बँकेत नोकरीला आहे. घरात मराठी, दारात तमिळ आणि मुलींशी बोलताना दोन्हींची मिसळ, अशी त्या घराची रीत. आणि त्या घरात वेंकूबाई होत्या, रघुरामची आत्या. नाचाच्या मागे बसून गाण्यात त्यांचा जन्म गेला होता. लग्न होऊन आलेल्या हरिताने नाव मिळवले ते त्यांच्याच गाण्यावर नाचून.

पुढे वेंकूबाईंच्या गळ्यावर शस्त्रक्रिया ठरली. आवाज राहील याची खात्री डॉक्टर देईनात. तेव्हा रघुरामने त्यांना समोर बसवले आणि त्यांची पदे आपल्या फोनवर भरून घेतली. त्यांतले एक पद त्यांच्या आजोळचे होते. ते कुठे छापलेले नव्हते आणि दुसऱ्या कुणाला येतही नव्हते.

हळूं वाहसी कां गे कावेरी,
सखा माझा पैलतीरीं.

ती गाणी फोनवरून लॅपटॉपवर उतरवत असताना वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच निकामी झालेली, त्यामुळे पडदा एकदम काळा झाला. वीज आल्यावर सगळ्या पदांची नावे यादीत दिसली आणि काम झाले असे सर्वांना वाटले. मलाही तसेच वाटले. पुढे तो फोन पावसात भिजून कायमचा बंद पडला, पण त्याची कुणी फिकीर केली नाही. गाणी माझ्यापाशी होती ना!

ते माझे मानाचे दिवस होते. आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, लॅपटॉपच्या झाकणावर चंदनाचे बोट लागे. मुली नाच सुरू करण्याआधी भूमीला नमस्कार करत, आणि एखादी धाकटी मलाही करून टाके. वेंकूबाईंचा आवाज मात्र शस्त्रक्रियेनंतर कुजबुजीपुरताच उरला. त्या कूडमाच्या कोपऱ्यात बसत आणि लाकडी दांडीने ताल धरत. मुलींना काही सांगायला त्यांनी तोंड उघडले, की हरिता धावून येई.

“आत्याबाई, तुम्ही बोलूं नका. गळ्याला त्रास कशाला? रेकॉर्डिंग आहे ना!”

ती हे मायेने म्हणत असे. वेंकूबाई तोंड मिटत आणि दांडी उचलत. हळूहळू त्यांनी तोंड उघडणेच सोडले.

मग कीर्तना नावाच्या मुलीचा कार्यक्रम ठरला. कीर्तना ही हरिताची सर्वांत तयारीची शिष्या, ओरत्तनाडुहून बसने शिकायला येणारी. तिला या घरातले मराठी सगळे कळते, पण उत्तर ती तमिळमध्ये देते. तिरुवैयारुला, नदीकाठच्या एका सभागृहात, तिने पहिल्यांदाच एकटीने पूर्ण कार्यक्रम करायचा होता. हरिताने ठरवले, कावेरीचे पद या वेळी शेवटपर्यंत घ्यायचे. तोवर मुली त्याचे दोनच चरण शिकल्या होत्या. तिसऱ्यापर्यंत मी कधी पोहोचलोच नव्हतो.

त्या संध्याकाळी पोहोचलो. कीर्तना नदीच्या काठावर उभी असल्यासारखी उभी होती. डोळे पैलतीराकडे, हात पुढे. तिसरा चरण सुरू होणार, तोच गाणे तुटले. मला पुढे काही सापडेना, म्हणून मी यादीतल्या पुढच्या फाइलवर गेलो. ती रघुरामच्या योगासनांची होती. कूडमात एका पुरुषाचा जाडाभरडा आवाज घुमला, “आता श्वास हळूहळू बाहेर सोडा.”

मुली खो खो हसल्या. हरिता हसली नाही. तिने मला पुन्हा सुरू केले. पुन्हा तिथेच अडलो. मग तिने यादीतून फक्त तेवढेच पद लावले, आणि तिसऱ्या चरणाशी येताच मी माझे ते एकुलते एक वाक्य म्हटले.

तिथून माझी परवड सुरू झाली. हरिताने मशीनमधल्या वस्तूंची यादी उघडली. इतर प्रत्येकापुढे ‘काढून टाका’ असे बटण होते. माझ्यापुढचे बटण फिकट होते, दाबले तरी दबत नव्हते. तिने ते दाबून दाबून पाहिले.

“अहो, हा निघत नाही.”

रघुराम पाहायला आला. “तो मशीनबरोबरच आलेला आहे. तो निघायचा नाही.”

“लॅपटॉप माझा, घर माझं. आणि हा कोण न जाणारा?”

मग तिने माझे चित्र पडद्यावरून पुसले. मी आतून हललो नाही, कसा हलणार? माझी दुरुस्ती करून झाली, मला पहिल्यासारखे कोरे करून झाले. मी कोरा झालो आणि त्याच जागी अडलो. शेवटी रघुरामने एक नवा प्लेअर आणून बसवला. दुसऱ्या दिवशी मशीनने आपले अपडेट उरकले आणि सगळी गाणी परत माझ्या गळ्यात घातली. संध्याकाळी हरिताने पद लावले, तर नवा प्लेअर वाजू लागला आणि त्याच्यामागून अर्ध्या मात्रेने मीही. दोन वेंकूबाई एकमेकींच्या पाठीमागे धावू लागल्या. कीर्तना एक पाय उचललेल्या अवस्थेत तशीच थांबली. कोणत्या तालावर तो टेकायचा ते तिला कळेना.

कोपऱ्यात वेंकूबाई आवाज न करता हसत होत्या. त्यांनी हातानेच विचारले, काय झाले?

“काय सांगूं, आत्याबाई!” हरिता कातावून म्हणाली. “जुना झाला, उपयोग नाही, तरी निघत म्हणून नाही. नको म्हटलं तरी घरात बसून आहे.”

बोलून झाले आणि मग तिच्या लक्षात आले. तिने जीभ चावली. वेंकूबाईंनी कॉफीचा पेला उचलला.

“माझ्यासारखा म्हण की,” त्या कुजबुजल्या आणि आत निघून गेल्या.

मित्रांनो, तेव्हा मला फार वाटले की काहीतरी बोलावे. पण माझ्यापाशी काय होते? ‘ही फाइल चालवता येत नाही.’

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप गणेशकुमारच्या दुकानात गेला. तो संगणक दुरुस्त करतो. त्याने सारे ऐकून घेतले आणि म्हणाला, “अक्का, हा काढता येत नाही, बंद करून ठेवता येतो. अगदी नकोच असेल तर सगळं मशीन पुसून नव्यानं बसवावं लागेल.”

“पुसा,” हरिता म्हणाली. “एकदाचं पुसून टाका.”

“गाणी दुसरीकडं ठेवलीत ना?”

हरिताने रघुरामकडे पाहिले. रघुराम भिंतीकडे पाहू लागला. दुसरीकडे कुठेच ठेवलेली नव्हती.

म्हणून गणेशकुमारने मला नुसते बंद केले. बंद म्हणजे काय, अंधारात बसायचे. पण ऐकू येत होते. नव्या प्लेअरवर त्याने ते पद लावले. पहिला चरण झाला, दुसरा झाला. मी वाट पाहत होतो. खोटे कशाला बोलू, तो माझ्या पुढे जाऊ नये असेच मला वाटत होते. तोही तिथेच थांबला.

गणेशकुमारने ती फाइल उलटसुलट तपासली. “प्लेअरचं काहीच नाही, अक्का. फाइलच अर्धी आहे. पुढचं इथं आलेलंच नाही. जे आलंच नाही, ते कुठून काढून देऊ?”

मला बरे वाटायला हवे होते. वाटले नाही. कारण हरिता दुकानातल्या स्टुलावर मटकन बसली. इतके दिवस तिला राग धरायला मी होतो. आता तोही आधार गेला. रघुरामच्या सांगण्यावरून गणेशकुमारने नवा प्लेअर काढला आणि मला पुन्हा सुरू केले. माझी माफी कुणी मागितली नाही. यंत्राची माफी मागायची रीत नसते.

संध्याकाळी हरिताने कीर्तनाला सांगितले, “तिसरा चरण सोडून देऊ. दोन चरणांवर संपवू.”

कीर्तना पायांतले चाळ सोडत होती. ती मान वर न करता तमिळमध्ये म्हणाली, “अक्का, मग ती बाई काठावरच उभी राहणार?”

कीर्तना गेल्यावर हरिता वेंकूबाईंपाशी येऊन बसली. त्या कोपऱ्यात शेवग्याचा पाला निवडत होत्या.

“आत्याबाई, तुमचा आवाज आमच्या हातून गेला. शेवटचा चरण उतरलाच नव्हता. आम्ही पाहिलंही नाही.”

वेंकूबाईंनी पाला बाजूला सारला. “आवाज गेला तो डॉक्टराकडं. पद कुठं गेलं गे?”

हरिताने चमकून मान वर केली.

“येतं तुम्हाला? सगळं?”

“न येऊन काय झालं? तूं विचारलं नाहींस.”

“तुमच्या गळ्याला त्रास नको म्हणून...”

“होऊं दे कीं त्रास! मुकं बसून काय कमी होतो?” एवढे बोलूनच त्यांना खोकला आला. हरिता पाणी आणायला उठली, तर त्यांनी तिचा पदर धरून तिला खाली बसवले. “आधीं चरण घे. मग पाणी.”

“पण मला गाता येत नाही, आत्याबाई. मी नाचणारी.”

“मला नाचतां येत होतं कां? तरी तुझ्यापाठीं बसलेंच ना जन्मभर?”

मग मी जे पाहिले ते कुठल्याही फाइलीत नाही. हरिताने आपला कान त्यांच्या ओठांशी नेला. वेंकूबाई शब्द कुजबुजत, दांडीने ताल दाखवत आणि डाव्या हाताने सूर दाखवत. हात वर गेला की सूर चढवायचा, खाली आला की उतरवायचा. हरिता चुके. त्या दांडी जमिनीवर आपटत. हरिता पुन्हा म्हणे. एका जागी ती इतकी वैतागली, की उठून दारापर्यंत गेली आणि तशीच परत आली. शेजारी मी उघडाच होतो, पण त्या दोघींनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी कीर्तना आली तेव्हा वेंकूबाईंनी तिलाही जवळ बसवून घेतले.

कार्यक्रमाच्या दिवशी तिरुवैयारुच्या सभागृहात बाकीची गाणी मी वाजवली. एकदाही अडलो नाही. कावेरीच्या पदाची वेळ आली तेव्हा रघुरामने मला थांबवले. हरिता बाजूला मांडी घालून बसली, हातात झांजा घेतल्या आणि गाऊ लागली.

तिचा आवाज वेंकूबाईंसारखा नव्हता. थोडा जाड, थोडा घाबरलेला. दोन चरण कसेबसे पार पडले. तिसऱ्याच्या तोंडाशी तिचा सूर फाटला. सभागृहात चुळबुळ झाली. पहिल्या रांगेत बसलेल्या वेंकूबाईंनी डावा हात उचलला, इतका वर, की मागच्या बाईला मान वाकडी करावी लागली. हरिताने तो हात पाहिला आणि सूर धरला.

पुसूं कवणा, पायीं निघालें,
पाणी गुडघ्या आलें.

कीर्तनाने निऱ्या किंचित उचलल्या आणि पाऊल पुढे टाकले. समोर बसलेल्यांत मराठी कळणारे थोडेच होते, पण थंड पाण्याचा पहिला स्पर्श तिच्या पावलांवरून सगळ्यांना कळला. ती नदीत उतरली. इतके दिवस मी तिला काठावर अडवून ठेवले होते आणि पुढे काय होते ते मलाही ठाऊक नव्हते. ती चालत गेली, मित्रांनो. कुणाला विचारत बसली नाही.

टाळ्या पडल्या. लोक हरिताभोवती जमले. ती गर्दीतून वाट काढत वेंकूबाईंपाशी आली आणि वाकली. त्यांनी तिचा कान ओढून जवळ घेतला.

“दुसऱ्या ओळीला घाई केलीस,” त्या म्हणाल्या. “उद्यां बैस.”

आता संध्याकाळी सगळ्याच मुली ते पद शिकतात. वेंकूबाईंची कोपऱ्यातली चटई कूडमाच्या मधोमध आली आहे. रघुरामने गाणी अनेक जागी उतरवून ठेवली आणि या वेळी प्रत्येक शेवटपर्यंत ऐकून पाहिले. मी आहे तिथेच आहे. अधूनमधून अडतो, शिव्या खातो.

तुम्हीही मला शिव्या द्याल, ते मला माहीत आहे. खुशाल द्या. एवढेच करा, मी जिथे अडतो तिथे क्षणभर थांबून पाहा. मला काही सांगायचे असते आणि शब्द नसतात. आणि जे आवडीचे आहे ते माझ्यासारख्याच्या हवाली करून निर्धास्त होऊ नका. ते ज्याला येते, त्या माणसापाशी जाऊन बसा. त्याचा आवाज बारीक झाला असेल, तर आणखी जवळ सरका.