रॉटरडॅमसाठी आगाप छाटणी

विजयमालानं रॉटरडॅमला जायचं ठरवलं ते एका फोटोवरून. तासगाव तालुक्यातल्या तिच्या अडीच एकर बागेची द्राक्षं गेली अकरा वर्षं बोटीनं त्या शहरात जात होती. मागच्या हंगामात तिकडून निरोप आला की माल मऊ निघाला, आणि सोबत फोनवर फोटो आला. उघडलेली पेटी, तपकिरी पडलेले देठ, घड उचलून धरणारा मोज्यातला हात. तिनं तो फोटो चारचारदा मोठा करून पाहिला. त्या पेट्या तिनं स्वतः उभं राहून भरून घेतल्या होत्या. इतकी वर्षं आपण जिथं माल धाडतो तिथं आपली पेटी कोण उघडतं, कशी ठेवतं, हे आपल्याला ठाऊकच नाही, ही गोष्ट तिला तेव्हा पहिल्यांदा टोचली.

नवरा लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन परत आलेला. त्यानं मोडता घातला नाही. मे महिन्यात जा, तेव्हा बागेत जरा सवड असते, एवढंच म्हणाला.

"आवं, मे म्हयन्यात माझी द्राक्षं तिथं कुठनं असतील?" विजयमाला म्हणाली. "शहर बघायला न्हाई चालली मी. माझा माल उतरतो तवा मला तिथं उभं राहायचंय."

माल बाहेर पाठवणारा उदयसिंह मिरजेचा. ती त्याच्या ऑफिसात गेली, तेव्हा त्यानं आधी चहा मागवला आणि मग तिला समजावायला घेतलं. तिकडं पेट्या फोडून छोट्या डब्यांत भरतात, शेकडो बागांचा माल एकत्र येतो, त्यात काकींचा घड कुठला हे कोण सांगणार?

"पेटीवर माझ्या बागेचा नंबर असतोय," ती म्हणाली. "माल मऊ निघाला तवा तोच नंबर बघून तुमी मला फोन केला हुता."

उदयसिंह हसला. मग पंधरा दिवसांत रॉटरडॅमच्या गोदामवाल्यांचं बोलावणं त्यानं मागवून दिलं. पेटी फोडताना समोर उभं राहायची मुभा त्यात लिहिलेली होती.

सून उत्कर्षा इंग्रजी बोलणारी, तासगावात शाळेवर शिकवणारी. तिला सोबत न्यायचं ठरलं. ती विमानांच्या वेळा बघायला बसली, तर विजयमालानं भिंतीवरचं कॅलेंडर काढून जमिनीवर पसरलं आणि उलटं मोजायला लागली. माल मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात उतरायला हवा. बोटीला महिन्याच्या वर लागणार. म्हणजे काढणी फेब्रुवारीच्या सुरुवातीला. म्हणजे छाटणी सप्टेंबरच्या शेवटी.

उत्कर्षा म्हणाली, "आत्या, गावात तर कुणीच ऑक्टोबरच्या मध्याशिवाय कात्री लावत न्हाई."

"व्हय. आपण लावू."

आगाप छाटणीतला धोका तिला कुणी सांगायची गरज नव्हती. परतीचा पाऊस कोवळ्या फुटीवर सापडला की डावणीची बुरशी घड खाऊन टाकते. तरी तिनं पंचवीस सप्टेंबरला छाटणी उरकली. ऑक्टोबरात पाऊस आलाच, सलग चार दिवस. पाचव्या दिवशी एका कडेच्या तीन ओळी हातच्या गेल्या. लालासाहेब छत्री घेऊन बांधावर उभा होता. त्यानं हलक्या आवाजात विचारलं, जायचं पुढच्या साली ठेवू या का? ती औषधाच्या पंपापाशी चिखलात उभी होती. बाकीच्या ओळी सांभाळते म्हणाली, आणि पुढचे दहा दिवस तिनं उजाडल्या उजाडल्या पानंपान उलटून पाहिलं. तीन ओळींच्या पुढं रोग सरकला नाही.

जानेवारीत मुंबईला व्हिसाच्या कचेरीत खिडकीपलीकडच्या मुलीनं विचारलं, कशासाठी जाताय? उत्कर्षा इंग्रजीत सांगायला लागली तेव्हा विजयमालानं तिचा हात दाबला आणि मराठीत स्वतःच सांगितलं, की मी द्राक्षं पिकवते, ती तिथं कशी पोचतात ते बघायचंय. मुलगी मराठीच निघाली. तिनं गोदामाचं पत्र दोनदा वाचलं आणि पासपोर्टवर जन्मगाव कोरेगाव कसं, असं विचारलं. कोरेगाव माझं माहेर, जन्म तिथला, असं विजयमालानं सांगितलं. तीन आठवड्यांनी दोन्ही पासपोर्ट शिक्के घेऊन घरी आले.

काढणी ठरल्या दिवशी झाली. लालासाहेबानं तिची बॅग फौजी पद्धतीनं भरून दाखवली, कपड्यांच्या घट्ट गुंडाळ्या करून. आयुष्यभर तो बॅग भरून निघाला होता आणि ती दारात उभी राहिली होती. लोकरीचे पायमोजे त्यानं स्वतःचे दिले.

निघायच्या दोन दिवस आधी उत्कर्षा फोन घेऊन धावत आली. बोट वाटेत रखडली होती. नऊ तारखेची आता तेरा तारीख दाखवत होती. तिकिटं तर आठची. आता कसं करायचं, असं तिनं विचारलं.

विजयमाला बागेत द्राक्षाच्या ओलांड्यावरची, तारेला बांधलेल्या आडव्या फांदीवरची सुतळी सोडवत होती. तिनं हातातलं काम थांबवलं नाही.

"परतीचं तिकीट अठराचं हाय ना? बोट येळेवर येत न्हाई, ते मला अकरा वर्षं ठाऊक हाय. म्हणून तर दहा दिवस धरलं."

उत्कर्षा हसत तिथंच बांधावर बसली. मग दोघींनी मिळून ठरवलं, की मधले चार दिवस त्या शहराचा भाजीबाजार बघायचा, बंदरावर जाऊन यायचं, आणि तिथं द्राक्षं कशी विकतात ते दुकानोदुकानी हिंडून बघायचं.

संध्याकाळी विजयमालानं लालासाहेबाला बागेत नेलं. कोणत्या ओळीला पाणी कधी सोडायचं ते त्याला चालत चालत सांगितलं आणि काढणीनंतरच्या एप्रिलच्या छाटणीला गडी आधीच सांगून ठेवा म्हणाली.

"आणि त्या तीन वळींना हात लावू नगा," ती म्हणाली. "त्या मी आल्यावर बघते."