जुडीतलं इंग्रजी

बारावीला मी तीन वेळा आपटले आणि तिन्ही वेळा इंग्रजीतच. बाकीच्या विषयांत कधी अडले नाही, पण इंग्रजीचा पेपर हातात आला की मी ठार कोरी. मग लग्न झालं, मखमलाबादच्या मळ्यात आले आणि कोथिंबीर-मेथीच्या मागे लागले. गावच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागले, त्यालाही आता अकरा वर्षं झाली.

मदतनीस म्हणजे काय ते सांगते. पोरं गोळा करायची मी, खिचडी शिजवायची मी, वजनं करायची मी, सेविकाबाईंचा गुडघा दुखला की बडबडगीतंही मीच म्हणायची. रजिस्टरवर सही मात्र त्यांची. त्या मेअखेर रिटायर होणार होत्या. मदतनीस बारावी पास असली तर सेविकेची जागा तिला, नाहीतर बाहेरची बाई येणार, असं ऑफिसातून स्पष्ट कळलं. म्हणजे उद्या कुणी बावीस वर्षांची मुलगी खुर्चीत बसणार आणि मी तिला माझ्याच पोरांची नावं सांगत उभी राहणार. माझं डोकंच सटकलं. त्याच आठवड्यात मी पुन्हा फॉर्म भरला.

फॉर्म भरला खरा, पण अभ्यास कधी करायचा? सकाळी अंगणवाडी, दुपारी तीनपासून कोथिंबिरीच्या जुड्या. संध्याकाळच्या लिलावाला माल गेलाच पाहिजे. पुस्तक मांडीवर घ्यावं तर पानांना चिखल. शेवटी मार्ग काढला माझ्या सासूबाईंनी, कुसाबाईंनी. त्यांना अक्षर येत नाही, ना मराठी ना इंग्रजी, पण हुकूम सोडता येतो. त्यांनी नियमच करून टाकला की एका जुडीला एक शब्द, आणि शब्द म्हटल्याशिवाय जुडी क्रेटमध्ये जाणार नाही.

आता गंमत बघा. जुडीला हालचाली तीन. मूठ जमवायची, दोरा फिरवायचा, गाठ आवळायची. इंग्रजी क्रियापदाची रूपंही तीनच. मूठ, गो. दोरा, वेंट. गाठ, गॉन. माझी लेक आरोही शाळेतून आली की बांधावर बसून पुस्तकातून वाचायची आणि आम्ही दोघी तिच्यामागून म्हणायचो. शब्द, त्यांचे उलट शब्द, अर्जाचं पत्र, सगळं असंच. महिन्याभरात कुसाबाईंना पुस्तक तोंडपाठ झालं. माझं चुकलं की जुडी माझ्याच अंगावर यायची, वर शेलकं ऐकवणं वेगळं. शेजारच्या मळ्यातली संजना हे बघून पोट धरून हसायची. हसेना का बापडी.

रविवारी तेवढी मी एका क्लासला जायचे; तिथल्या जीवन सरांनी जानेवारीत सराव पेपर घेतला. ऐंशीपैकी अकरा पडले. सर म्हणाले, ताई, घरी जरा बघत जा. जरा! रोज दोनशे जुड्यांना दोनशे शब्द म्हणणारी मी, आणि हे म्हणतात जरा बघत जा. घरी येऊन मी रडले, आणि रडता रडता सरांचा रागही आला.

कुसाबाईंनी मला उठवलं. जुड्यांपुढे बसवलं आणि पेपरातले तेच प्रश्न आरोहीला वाचायला लावले. माझे हात चालत होते आणि मी धडाधड उत्तरं देत होते. मग त्यांनी माझ्या हातातली कोथिंबीर काढून घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायला लावलं. माझ्या तोंडातून एक अक्षर फुटेना.

"तुझं इंग्रजी डोक्यात गेलंच नाय," त्या म्हणाल्या, "हातात जाऊन बसलंय."

मग हात मांडीखाली दाबून म्हणायला शिकले. थोडं जमलं, बरंचसं नाही. तेवढ्यात परीक्षा आली.

केंद्र पंचवटीतल्या एका शाळेत होतं. मी वर्गात शिरले तर निम्मी पोरं उभी राहिली, त्यांना वाटलं मीच पेपर वाटायला आलेय. मी बाकावर बसले तेव्हा मागे खुसखुस झाली. पेपर आला. वाचला. सगळं ओळखीचं आणि काही म्हणजे काही आठवेना. वीस मिनिटं गेली. ती बावीस वर्षांची मुलगी माझ्या पोरांना रांगेत उभं करताना दिसायला लागली. ती कोण, कुठली, मला ठाऊक नाही, पण मला तिचा असा काही संताप आला की बोटं आपोआप पदराशी चाळा करायला लागली.

काठाचा एक दोरा सुटलेला होता. तो ओढला. जादाचे तीन पेन मुठीत धरले, दोरा फिरवला, गाठ आवळली. टेक, टुक, टेकन. आलं की! ते लिहिलं, गाठ सोडली, पुन्हा बांधली. पुढचंही आलं. मग मी थांबलेच नाही.

पर्यवेक्षक बाई कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलंच नाही. त्यांनी पेन काढून घेतले, उघडून आत कागद आहे का बघितलं, दोरा उजेडात धरला, पदर झटकायला लावला. अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता. लाजेने मेल्यासारखं झालं, पण वेळ चालला होता आणि लाजायला मला सवड नव्हती.

"मॅडम, मी जुड्या बांधता बांधता शिकलेय," मी म्हटलं. "हात चालला नाही तर मला आठवत नाही."

त्यांनी माझी नखं बघितली. कोथिंबिरीचा डाग काही केल्या निघत नाही. पेन आणि दोरा बाकावर ठेवून त्या म्हणाल्या, "बांधा. फक्त पेन वाजवू नका."

मी शेवटच्या घंटेपर्यंत बांधत होते आणि लिहीत होते.

मे महिन्यात दुपारी एकला निकाल लागला. आरोहीने मोबाईल धरला, आम्ही तिच्या डोक्यावर वाकलो. पास. इंग्रजीत एकसष्ट. आरोही नाचायला लागली. मी अंगणवाडीच्या सुपरवायझर मॅडमना फोन लावला, तर त्यांनी निकालाचा फोटो पाठवायला सांगितलं आणि म्हणाल्या, एक तारखेपासून रजिस्टरवर सही तुमची.

कुसाबाई मात्र हिशेबात पडल्या होत्या.

"पास व्हायला किती लागत्यात?"

"पस्तीस."

"मंग वरचे सव्वीस?"

मी म्हटलं, "ते तुमचे, आत्याबाई."

त्यांनी खात्री करायला आरोहीकडे बघितलं. आरोहीने गंभीर चेहऱ्याने मान डोलावली. मग त्यांनी पदर खोचला आणि चपला न घालताच बांधावरून संजनाच्या मळ्याकडे निघाल्या, आणि अर्ध्या वाटेतूनच ओरडून सांगितलं की कुसाबाईला बारावीच्या इंग्रजीत सव्वीस मार्क पडले. खरंच होतं ते.