अंग म्हणजे कुठलं?

"अवो आजी, अंग म्हंजे कुठलं? हात का पाय?" कृष्णातनं केसपेपरच्या खिडकीतून मोठ्यानं विचारलं.

रांगेतले गडी हसले. सांगलीच्या या दवाखान्यात बावीस वर्षं खिडकीवर बसलेला हा कारकून. रांगेला हसवायची त्याला भारी हौस.

आटपाडीहून आलेल्या राहीबाईंनी पदर तोंडाला लावला. "अंग भाईर येतंय, सायेब."

"समदंच भाईर आलं, तर आत काय ऱ्हायलं?"

पुन्हा हशा पिकला. राहीबाई खाली बघत म्हणाल्या, "पाय. पायच लिवा."

कृष्णातनं कॉम्प्युटरवर 'पाय' निवडलं आणि त्यांना हाडांच्या विभागात धाडून दिलं.

दुपारच्या सुट्टीत त्यानं हा किस्सा बायकांच्या वॉर्डात काम करणाऱ्या शालूबाईंना रंगवून सांगितला. त्या हसल्या नाहीत.

"आरं, अंग म्हंजे बाईची गर्भाची पिशवी. ती सरकून भाईर येती. गड्यांच्या रांगेत बाई आनखी काय म्हननार? बावीस वर्सं हितं बसलायस, आन् तुला एवढंबी ठावं न्हाई?"

कृष्णातनं हातातला घास परत डब्यात ठेवला. त्याची आईही म्हणायची, "अंगाचं दुखनं हाय बाबा." आणि हा शहाणा औंधला गावी गेला की सांधेदुखीच्या तेलाची बाटली तिच्या हातात ठेवायचा. ती गेल्यावर फळीवर सात बाटल्या सापडल्या, एकीचंही झाकण उघडलेलं नव्हतं. 'आई फार काटकसरी,' असं त्यानं तेव्हा पाहुण्यांना कौतुकानं सांगितलं होतं. आता ते आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डबा तसाच टाकून तो हाडांच्या विभागाकडे धावला. मागोमाग शालूबाईही आल्या. बाकावर टेकल्या न टेकल्यासारख्या राहीबाई बसल्या होत्या. मांडीवर गुडघ्याचा एक्स-रे होता.

"आई, चला. बायकांच्या डॉक्टरीणबाई थांबल्यात," तो म्हणाला. त्याला त्यांच्याकडे बघवेना. "माजी लय मोठी चूक झाली."

"न्हाई वो सायेब," त्याच त्याची समजूत घालू लागल्या. "मीच पाय म्हनून सांगितलं की."

त्या बाकाला धरून उठल्या आणि शालूबाईंच्या आधारानं, पाय फाकवून हळूहळू चालू लागल्या. ही चाल कृष्णातनं आपल्याच घरात वर्षानुवर्षं पाहिली होती.