उंबऱ्याबाहेर

दोघे भाऊ दातांच्या कवळ्या बनवायचे. थोरला अबोल. धाकटा बोलका, गावातले अर्धे म्हातारे आमच्याच दातांनी हसतात, असं गिऱ्हाइकांना ऐकवायचा. त्याचं नाव कवळीमास्तर पडलं. रविवारी मात्र दोघं एकाच बाकावर, मान खाली घालून प्रार्थनेला बसत.

मग राज्य बदललं, प्रार्थनेवर बंदी आली, सभागृहाला कुलूप लागलं. एका सकाळी दोघांना चौकीवर बोलावून, प्रार्थनावाल्यांशी संबंध आहे का, एवढा एकच प्रश्न विचारला. धाकट्यानं सांगितलं, आपला त्या लोकांशी काही संबंध नाही. थोरल्यानं सांगितलं, आहे. धाकटा जेवायच्या वेळेला घरी आला. थोरला तुरुंगातून आला तो कित्येक हिवाळे उलटल्यावर, खोकत, आणि फार दिवस टिकला नाही.

त्या सगळ्या काळात भावाचं घर कवळीमास्तरनं चालवलं. वहिनीच्या मुलींची शिक्षणं, लग्नं त्यानंच केली. स्वतःचं राहूनच गेलं. त्यानं शेपूट घातलं म्हणून आपली चूल पेटली, हे वहिनीला कळत होतं. त्यामुळे तिला धड रागावताही येत नव्हतं.

पुढे बंदी उठली. कवळीमास्तर प्रार्थना चालवणाऱ्या पाळकांकडे गेला आणि मला परत घ्या म्हणाला. मंडळीत कुरबुर सुरू झाली, तेव्हा पाळकांनी सगळ्यांना बसवून जुनी गोष्ट सांगितली. अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीपुढेही हाच पेच होता. छळाच्या दिवसांत प्रभूला नाकारलेली माणसं नंतर रडत परत आली. कुणी म्हणालं हाकला, कुणी म्हणालं झालं गेलं विसरा. पुष्कळ ठिकाणी मधला मार्ग निघाला. अशा माणसानं दाराबाहेर उभं राहायचं, आत जाणाऱ्यांना माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणायचं, आणि एक दिवस त्याला हात धरून आत घ्यायचं. कुणाला कधी आत घ्यायचं, यात तुरुंग सोसलेल्यांच्या शब्दाला तेव्हा वजन असे. आपणही तसंच करू, पाळक म्हणाले.

इथला सोसणारा तर मातीआड झालेला. म्हणून तो शब्द वहिनीनं द्यायचा ठरला.

कवळीमास्तर दाराशी उभा राहू लागला. उन्हात, पावसात, कडाक्याच्या थंडीत. येणाऱ्या प्रत्येकाला तो हलक्या आवाजात विनवायचा. लोक मान हलवून आत जात. वहिनी आली की तिलाही तेच म्हणायचा, आणि ती चपलांकडे बघत उंबरा ओलांडायची. दुपारी घरी तीच त्याचं ताट वाढायची. अजून हवंय का विचारायची. तो पुरे म्हणायचा.

पाळकांनी तिला एकदा बाजूला घेऊन विचारलं.

"घरात मी त्यांचं सगळं करते," ती म्हणाली. "पण आतला तो बाक दिसला की ह्यांचा खोकला ऐकू येतो. तोंडातून शब्द फुटत नाही."

पाळकांनी घाई केली नाही. वर्षं गेली. कवळीमास्तरचे केस पिकले, गुडघे दुखायला लागले. मग एका रविवारी तो दाराशी नव्हता. पुढच्या रविवारीही नव्हता.

वहिनीला वाटलं, आजारी असेल. पण तो कारखान्यात बसून एक कवळी कानशीनं घासत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मनाशी कितीदा घोकलेलं एका दमात बोलून गेली.

"भावोजी, या रविवारी आत चला. मी हात धरून नेते."

त्यानं कानस खाली ठेवली. कवळीवरची भुकटी फुंकली.

"वहिनी, तुमच्यावर राग नाही हो," तो म्हणाला. "पण दाराशी उभं राहून राहून माझ्या आतलं सगळं विरून गेलं. आता आत येऊन कुणाशी बोलू?"

तिनं हे पाळकांना सांगितलं.

"परत घेतलेल्यांबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं," ते म्हणाले. "दारातूनच घरी निघून गेलेले किती, ते मी कधी शोधलंच नाही."

वहिनी अजून एकटीच जाते. एका दुपारी जेवणाआधी तिनं त्याच्यासमोर मोठ्यानं प्रार्थना केली, त्याच्यासाठीच. दुसऱ्याचा फोन संपेपर्यंत माणूस थांबतो, तसा तो हात मांडीवर ठेवून अदबीनं थांबला. तिचं झाल्यावर त्यानं पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला आणि जेवायला लागला.