उंबऱ्यातला घोडेस्वार

बर्गसाहेबाला धनुबाईच्या हातचा चहा दिवसातून चारदा लागायचा, पण धनुबाईचं एक वाक्य धड ऐकून घ्यायला त्याला कधी सवड झाली नाही. एवढा कसल्या कामात होता कोण जाणे! खांडबाऱ्याकडच्या त्या मिशनच्या बंगल्यात हा बर्फाच्या मुलखातला लांबुडका माणूस कैक वर्षं राहत होता. मराठी शिकला होता, पण पुस्तकातली. भर बाजारात भाजीवालीला विचारायचा, 'भगिनी, आपण क्षेम आहात ना?' बाजार बोलायचा अहिराणी आणि पाड्यांवरची माणसं आपसात कोकणा आदिवासींची कोकणी. कोणाला काही कळायचं नाही. लोक नुसती मान डोलवायचे आणि साहेबाला वाटायचं, झालं, पटलं यांना.

धनुबाई त्याची स्वयंपाकीण. नवरा जान्या सागाच्या तोडीवर गेला होता, तिथे झाड अंगावर पडून मेला. पाड्याची रीत अशी की अवेळी गेलेल्या माणसाला बसायला जागा लागते. म्हणून शेताच्या बांधावर त्याचा दगड उभा करायचा आणि दगडावर घोडेस्वार कोरायचा. जान्या उभ्या जन्मात घोड्यावर बसला नव्हता. बैलगाडीतसुद्धा मागे लटकून जायचा. पण मेल्यावर घोडा मिळतोच. धनुबाईने चांगला लांबरुंद दगड उभा केला होता.

पुढे पोरगा तापाने फणफणला तेव्हा साहेबाच्या औषधाने वाचला. हे मात्र ती कधी नाकारायची नाही. म्हणून तर ती त्यांच्या देवळात जायला लागली, डोक्यावर पाणी घेतलं, गाणी शिकली. पण मोहाची फुलं वेचताना चार फुलं जान्याच्या दगडावर ठेवायची ती ठेवायचीच. साहेबाने ते एकदा पाहिलं. झालं! मूर्तिपूजा, अंधार, सैतान, सगळं त्या चार फुलांत त्याला दिसलं. त्याने दगड उपटायला लावला. नवीन देवळाचं बांधकाम चालू होतं आणि उंबऱ्याला लांब दगड हवाच होता. चुनीलाल गवंड्याने साहेबाच्या हुकमाने तोच दगड घोडेस्वार खाली करून दारात बसवला. बसवण्याआधी बिचाऱ्याने दगडाला हात जोडले.

सगळ्या पाड्याला ठाऊक होतं उंबऱ्यात कोण आहे. दर रविवारी माणसं दाराशी आली की थबकायची, गुडघा उंच उचलायची आणि दगडाला पाय न लावता आत जायची. म्हाताऱ्यांना तर दोघं धरून पलीकडे घ्यायची. साहेब दारात उभा राहून हे पाहायचा आणि त्याचे डोळे भरून यायचे. पाहुण्यांना सांगायचा की या रानटी लोकांनी प्रभूच्या उंबरठ्याचा मान कसा ओळखला पाहा. धनुबाई तेव्हा मागे चहाचं आधण ठेवत असायची. तिला हसूही यायचं आणि थुंकावंसंही वाटायचं.

पण आता गोष्ट थुंकून भागण्यासारखी राहिली नव्हती. पोराचं लग्न होळीनंतर ठरलं होतं. लग्नाची पहिली हळद बापाला लागते, बाप नसेल तर बापाच्या दगडाला. मुलीकडच्यांनी सरळ विचारलं होतं, हळद कुठे लावणार? देवळाच्या पायरीला? बापाला पायदळी घालणाऱ्या घरात आम्ही मुलगी देत नाही, असंही म्हणाले. साहेबाकडे दगड परत मागण्यासाठी धनुबाईने इंद्रसिंगला गळ घातली. इंद्रसिंग म्हणजे साहेबाचा उपदेशक आणि दुभाष्या, त्याचं बोलणं इकडचं तिकडे करणारा. साहेबाचे जुने बूट आपल्या पायांत आले म्हणजे आपणही साहेब झालो असं समजणारा. त्याने साहेबाला सांगितलं की धनुबाईला नवऱ्यासाठी प्रार्थना हवी आहे. साहेबाने लगेच केली. चांगली लांबलचक केली. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी संपेना.

अशात साहेबाचा दौरा निघाला. वाटेतल्या ख्रिस्ती मंडळ्या पाहायच्या, मग आगगाडीने सुरतेला जाऊन तिथली जुनी देवळं आणि समुद्र पाहायचा. मडम मुलांना घेऊन मायदेशी गेली होती आणि दुसऱ्या कोणाच्या हातचं खाल्लं की साहेबाचं पोट बिघडायचं. म्हणून धनुबाई बरोबर. ती मुकाट निघाली. परगावी माणूस जरा मऊ पडतो, तिथे विचारू, असा तिचा हिशेब.

तो दौरा काय सांगावा! जिथे जाईल तिथे साहेब तेच प्रवचन करायचा, तोच हरवलेल्या मेंढराचा दाखला द्यायचा. त्या मुलखात मेंढरू ज्याने पाहिलं असेल त्याने हात वर करावा. लोकांनी कोंबडी कापून पुढे ठेवली की हा म्हणायचा, उकडलेले बटाटे आणा. नवापूरला एका म्हातारीने त्याच्या पायांवर पाणी घातलं, तर मोजे भिजले म्हणून रुसून बसला.

सुरत मात्र धनुबाईला आवडली. आपल्या मुलखातली तापी इथे येऊन केवढी रुंद झाली होती! साहेबाने टोपी सावरत किल्ला पाहिला, धक्का पाहिला, दोन-तीन देवळांच्या खिडक्यांच्या काचा पाहिल्या. डुमसला समुद्राशी उभा राहून डोळे मिटले आणि समुद्रालाच एक प्रार्थना ऐकवली. समुद्राने काही मान डोलावली नाही.

दुसऱ्या दिवशी तो वेशीजवळच्या गोऱ्यांच्या जुन्या दफनभूमीत गेला. पाणी-फराळाची टोपली घेऊन धनुबाई मागे, तिच्या मागे इंद्रसिंग. आत जाते तो काय, थडगी कसली, राजवाडेच! खांब, घुमट, जिने. व्यापारासाठी आलेले, इथेच मेलेले गोरे त्यांच्याखाली झोपले होते. साहेबाने टोपी काढली. वाटेत घेतलेला झेंडूचा हार त्याने एका दगडावर ठेवला, कोरलेली अक्षरं बोटाने चाचपली आणि ते नाव हळूच वाचलं. एका पायरीवर गवत उगवलं होतं, ते त्याने स्वतःच्या हाताने उपटलं. खाली मेलेल्यांच्या नावाची फरशी होती. तिच्यावर पाय पडू नये म्हणून तो तिला वळसा घालून गेला.

धनुबाईने तो वळसा पाहिला. क्षणभर तिला वाटलं, आहे, या माणसाच्या आत काहीतरी आहे. तिने टोपली खाली ठेवली आणि इंद्रसिंगला बाजूला सारून ती थेट साहेबापुढे गेली.

"साहेब, आठे झोपेल शे, तो तुमना कोन?"

इथे झोपलाय तो तुमचा कोण, एवढं साहेबाला कळलं. कोणी नाही, असं तो म्हणाला. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा कोणी व्यापारी.

"मन्हा माणूस तुमना देऊळना उंबरामा शे," धनुबाई म्हणाली. "त्याले उभा करा. पोऱ्यानं लगीन शे."

इंद्रसिंग घाईने काहीतरी गुळगुळीत सांगायला लागला, पण या खेपेला साहेबाला त्याची गरज पडली नाही. तो दुखावल्यासारखा हसला. ते वेगळं आहे, भगिनी, म्हणाला. ही स्मृती आहे, ती मूर्तिपूजा होती.

"फूल तं फूलच शे," धनुबाई म्हणाली.

साहेबाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला प्रकाश मिळावा म्हणून तिथेच प्रार्थना सुरू केली. धनुबाई डोळे उघडे ठेवून उभी राहिली. जी काही आस होती ती त्या प्रार्थनेत विझली. या माणसाला विचारण्यात काही अर्थ नाही. ज्याला आपला कोण नि परका कोण एवढंही कळत नाही, त्याच्याकडे काय मागायचं?

परतताना साहेब आठवडाभराच्या सभांसाठी नवापूरला राहिला आणि सामानाबरोबर त्याने धनुबाईला आणि इंद्रसिंगला पुढे पाठवलं. ती बंगल्यावर न जाता आधी चुनीलालकडे गेली. चुनीलालने तिला पुरतं बोलूही दिलं नाही, पहार उचलली. भर दुपारी निम्मा पाडा देवळाच्या दारात जमला. नदीतून तेवढ्याच लांबीचा एक कोरा दगड आणला, जान्याला बाहेर काढलं आणि त्याच्या जागी तो बसवला. वर चुना, वर धूळ. घोडेस्वाराच्या नाकाचा टवका उडाला होता, पण घोडा शाबूत होता. इंद्रसिंग आंब्याखाली उभा राहून बघत होता. मग त्याने ते जुने बूट काढले आणि दगडाला खांदा द्यायला आला. चुनीलालने सरकून त्याला जागा दिली.

होळी झालीच होती, त्याच आठवड्यात लग्न झालं. पहिली हळद बांधावर पुन्हा उभ्या केलेल्या जान्याला लागली.

साहेब आला तो रविवारी. नेहमीसारखा दारात हात जोडून उभा राहिला. माणसं आली आणि उंबऱ्यावर दाणदाण पाय देऊन आत गेली. एकाने तर तिथेच तळव्याची धूळ पुसली. साहेबाचा चेहरा उतरला. प्रवचनात मेंढरू आलंच नाही. संध्याकाळी चहा घेता घेता त्याने धनुबाईला अगदी कळवळून विचारलं की माझ्या पाठीमागे या लोकांच्या श्रद्धेला झालं तरी काय?

धनुबाईने कपात साखर घातली, ढवळली.

"काय बी नई व्हयनं, साहेब. श्रद्धा तिन्हा जागावर उभी शे."

साहेबाने बाजारातली माणसं डोलवायची तशी मान डोलावली.