हसवू नये

नेब्रास्कातल्या त्या गावात दर उन्हाळ्यात पस्तीस-चाळीस पोरं बारावीत जायची आणि झाडून सगळी लाइल हॅगमनच्या स्टुडिओत शाळेच्या शेवटच्या वर्षाचे फोटो काढून घ्यायची. आजीच्या भिंतीवर, मामाच्या फ्रिजवर, चर्चच्या फळ्यावर, जिथे बघावं तिथे लाइलचे फोटो. कुणी ट्रम्पेट घेऊन, कुणी बापाच्या ट्रकला टेकून, एकाने तर चक्क डुकराच्या पिल्लाला कवेत घेऊन. लाइलसारखा फोटो काढणारा चार तालुक्यांत नाही, असं लोक म्हणत, आणि लाइल त्यांना ते म्हणू देत असे.

त्याचं भांडवल दोन गोष्टींचं. एक म्हणजे त्याचे विनोद. विनोद अगदीच फालतू असत, पण अवघडून बसलेली पोरं फिस्सकन हसायची आणि नेमका त्याच क्षणी हा बटण दाबायचा. दुसरी गोष्ट म्हणजे पिवळी कार्डं. ही पद्धत त्याच्या वडिलांची. फोटोच्या दोन आठवडे आधी पोराला नुसतं बोलवायचं, गप्पांत गुंतवायचं आणि तेवढ्यात त्याचा चेहरा वाचून कार्डावर टिपून ठेवायचं. नाक वाकडं असेल तर दिवा कुठे, मान आखूड असेल तर कॅमेरा कुठे. ते कार्ड पेटीत जायचं. तसंच दुसरं पिवळं कार्ड पोराच्या हातात द्यायचं, त्यावर कपड्यांची यादी. दोन्ही कार्डं एकाच रंगाची ठेवणं हा निव्वळ मूर्खपणा होता, पण इतक्या वर्षांत एकदाही घोटाळा झाला नव्हता, म्हणून त्याला पद्धत म्हणायचे.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी दुपारी डेलेनी व्हॉसबर्ग आली. जोलीनची मुलगी. जोलीन आणि लाइल एकाच वर्गातले, एकाच बाकावर कॉपी केलेले. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातली पाळी संपली की जोलीन येणार होती, म्हणून पोरगी एकटीच आली. अंगात लांब बाह्यांचा निळा ड्रेस, खांद्याला छोटी पर्स, बस्स.

"बाकीचे कपडे गाडीत राहिले का गं?" लाइलने विचारलं.

"एवढाच आणलाय."

"अगं, यादी दिली होती ना तुला? चार जोड, शाळेच्या पदवीदानाचा झगा, तुझा सॅक्सोफोन..."

"मला यादी नाही मिळाली, मिस्टर हॅगमन. हे मिळालं."

तिने पर्समधून पिवळं कार्ड काढून त्याच्या हातात दिलं. अक्षर त्याचंच होतं.

'चेहरा रुंद, अर्धा अंधारात ठेवणे. उजवा डोळा लहान, डावी बाजू पुढे. हनुवटी दोन, कॅमेरा वरून. दंड झाकणे. उभी नको. हसताना हिरड्या दिसतात. हसवू नये.'

शेवटच्या दोन शब्दांखाली दोन रेघा मारल्या होत्या.

लाइलची कानशिलं तापली. कार्ड दोन आठवडे या पोरीजवळ होतं. ती ते किती वेळा वाचून बसली असेल, याचा हिशोब त्याच्या डोक्यात नको असताना सुरू झाला. अशा वेळी शहाणा माणूस सरळ माफी मागून मोकळा होतो. लाइलने सारवासारव केली.

"ही आमची धंद्यातली भाषा असते गं. मनावर घेऊ नकोस. सगळ्यांच्याच कार्डावर असं लिहितो मी."

"सगळ्यांच्या?"

"अगदी सगळ्यांच्या."

"मग ब्रिनचं दाखवा ना."

ब्रिन टास्कर ही तिची बालवाडीपासूनची मैत्रीण. आठवड्यापूर्वीच तिचे फोटो झाले होते. दुसऱ्याचं कार्ड दाखवता येत नाही, एवढं एक वाक्य लाइलला सुचायला हवं होतं. पण खोटं बोलताना पकडल्या गेलेल्या माणसाची अक्कल आधी पळून जाते. पेटी टेबलावरच होती. त्याने मुकाट्याने 'ट' खालचं कार्ड काढून दिलं, आणि दिल्यावर त्यावर काय लिहिलंय ते त्याला आठवलं.

'दिवा कुठूनही चालेल. हसवत राहणे.'

डेलेनीने ते वाचलं आणि पेटीत बरोबर जागेवर परत ठेवलं.

"आहेच ब्रिन सुंदर," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर लाइलला बरं वाटलं असतं.

"डेलेनी, माझी चूक झाली. चुकून दिलं गेलं ते कार्ड."

"दिलंत चुकून. लिहिलंत तर नाही ना चुकून?"

लाइलने पेटीचं झाकण लावलं.

"त्या दिवशी तुमच्या त्या गाईच्या जोकवर मी केवढी हसले होते," ती म्हणाली. "तुम्ही तेव्हाच लिहीत होतात ना? मला वाटलं, काहीतरी चांगलं लिहिताय."

लाइलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते हसणं त्याला आठवत होतं. डोकं मागे टाकून, तोंड भरून, खुर्ची कुरकुरेपर्यंत हसली होती पोरगी. त्यालाही हसू आलं होतं, आणि हसता हसताच त्याने त्या दोन रेघा मारल्या होत्या.

"फाडून टाकतो मी ते," तो घाईघाईने म्हणाला. "चल, बाहेर उजेडात जाऊ. उभी राहा, समोरून काढतो, अगदी खदखदून हसताना. बघशील तू."

"नको. तुम्हाला कळतं यातलं. एवढी वर्षं हेच करताय तुम्ही."

आणि ती स्टुलावर जाऊन बसली. तिने खांदे वळवले, डावा गाल पुढे आणला, हनुवटी थोडी पुढे काढून खाली केली आणि हात मांडीवर असे ठेवले की दंड बाहीच्या घड्यांत हरवून गेले. एरवी अशा बैठकीसाठी लाइलला अर्धा तास 'थोडं इकडे, थोडं तिकडे' करावं लागे.

"बाथरूमच्या आरशात सराव केला," ती म्हणाली. "आता काही वाटत नाही. घरी जेवतानासुद्धा मी खुर्ची बदलून घेतलीय, सगळे माझ्या डाव्या हाताला येतात. आईला वाटलं, डोळ्यांवर ऊन येतं म्हणून."

लाइलने मोठा दिवा ओढून तिच्या बरोबर समोर आणला. सगळा चेहरा उजळला, दोन्ही डोळे, दोन्ही गाल. चांगला चेहरा होता. तळहाताएवढ्या कार्डात त्याने त्याचं काय करून ठेवलं होतं!

"तो बाजूला हवा ना?" डेलेनीने विचारलं. "अर्धा अंधारात."

"असाही छान दिसतोय गं."

"मिस्टर हॅगमन, प्लीज."

त्याने दिवा बाजूला नेला. मग त्याने विनोद सुरू केले. आधी गाईचा, मग दाताच्या डॉक्टरचा, मग स्वतःच्या सासूचा, पोरांना कधी न सांगितलेला. एवढं जीव तोडून त्याने आजवर कुणाला हसवलं नव्हतं. सासूच्या वेळी डेलेनीचे खांदे हलले, नाकपुड्या फुलल्या, डोळ्यांत पाणी आलं. पण ओठ काही उघडले नाहीत.

"हस ना गं! मोकळेपणाने हस!" लाइलचा आवाज चढला.

"हसतेय की," ती ओठ मिटूनच म्हणाली.

त्याने फोटो काढले. फोटो उत्तम आले. त्या उन्हाळ्यातले सगळ्यात उत्तम. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक शांत, निमुळत्या चेहऱ्याची, थोडी गूढ अशी तरुणी बसली होती, आणि तिला त्या गावात कुणीही ओळखलं नसतं.

साडेचारला जोलीन आली, अंगावर स्वयंपाकघरातला एप्रन तसाच आणि हातात फॉइलमध्ये गुंडाळलेला झुकिनीचा केक. "काय रे लाइल्या, पोरीला छळलंस की नाही? घे हा केक. परसात एवढ्या झुकिन्या लागल्यात की जीव नकोसा झालाय, कुणाच्या तरी गळ्यात मारायलाच..."

तिला पडद्यावरचा फोटो दिसला आणि ती बोलायची थांबली. केक कुठे ठेवावा ते तिला सुचेना.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "ही माझी डेलेनी?" आणि रडायलाच लागली. मग एप्रनने डोळे पुसत म्हणाली, "आणि हा लाइल्या बरं का, आमच्या वेळी स्वतःच्याच फोटोत शिंकला होता. शाळेच्या वार्षिक अंकात सगळे हसतायत आणि याचा नुसता रुमाल!"

डेलेनीला हसू फुटलं. फुटता फुटताच तिचा हात तोंडावर गेला आणि मान वळली. जोलीन पडद्याकडेच बघत होती, तिला ते दिसलं नाही. लाइलला दिसलं.

"किती डौलात बसलीयस गं," जोलीन म्हणाली. "घरी तर खुर्चीत पोतं टाकल्यासारखी बसतेस. कुणी शिकवलं तुला?"

आता सांगून टाकावं, असं लाइलला वाटलं. जोलीन त्याला शिव्या देईल, केक डोक्यात घालील, गावभर करील, पण पोरीला तिच्या आईकडून तरी कळेल की त्या कार्डावरचं सगळं झूट आहे. तो बोलणारच होता. खरंच बोलणार होता. त्याने डेलेनीकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती. त्या नजरेत धमकी नव्हती, विनवणीही नव्हती. हा काय करणार ते तिला ठाऊक होतं आणि तिने ते त्याच्यासाठी सोपंही करून टाकलं.

"यांनीच शिकवलं," ती म्हणाली.

जोलीनने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "लाइल, तुझे उपकार कसे फेडू रे? ही स्वतःचा फोटो कधी काढू द्यायची नाही."

सतरा वर्षांच्या पोरीने त्याला पाठीशी घातलं होतं आणि तो निमूटपणे तिच्या आड लपून राहिला होता. लाइलला स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"त्यात काय एवढं," तो म्हणाला, आणि दिवे बंद करायला वळला. तेवढंच तोंड लपवायला एक काम.